"शिया बटर कुठून मागवता?"

मी केलेलं मलम ज्यांच्या टाचांना लागलं आहे, त्यांतले बहुतेक जण पुढच्या वेळी डबी मागताना हे विचारतातच. मलम चांगलं आहे, यात शिया बटर असणार, ते कुठून मागवता? तुम्हीही विचारलंत म्हणून आज जरा ऐसपैस सांगते. मी शिया बटर मागवत नाही. माझ्या मलमात मुठेल असतं, म्हणजे कोकमाच्या बियांतून निघणारं, थंड झालं की थिजून घट्ट होणारं तेल. कोकणात कुठे त्याला मुठेल म्हणतात, कुठे भिरंडेल, कुठे नुसतंच कोकमाचं तेल. शहरातल्या दुकानांत तेच 'कोकम बटर' या नावाने शुभ्र करून, वास काढून मिळतं.

शियाशी माझं काही वैर नाही. घाना, बुर्किना फासो, माली या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत बायका शियाच्या बिया गोळा करतात, उकळतात, वाळवतात, कुटतात, भाजतात, दळतात आणि पाण्यात घुसळून त्यातला स्निग्धांश वेगळा काढतात. फार कष्टाचं काम आहे ते आणि त्यावर तिथली कितीतरी घरं चालतात. पण रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया फोडणाऱ्या आपल्या सिंधुदुर्गातल्या बाईचं कामही तेवढंच मेहनतीचं आहे, आणि तिचा माल आपल्याकडे कोणी नावाने मागत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. युरोपियन युनियनच्या 2000 सालच्या नियमांत चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जोडीला जी मोजकी 6 वनस्पतिज स्निग्धं चालतात, त्यांत शिया आहे आणि आपलं कोकमही आहे. पुण्या-मुंबईतल्या कितीजणींनी मुठेलाचा गोळा हातात घेऊन पाहिला असेल?

तो होतो कसा ते आधी सांगते, कारण माझ्या मलमातली अर्धी कृती तिथेच आहे. रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. सालींची आमसुलं होतात, रसाचं आगळ होतं आणि बिया उरतात. त्या धुऊन उन्हात खडखडीत वाळवायच्या. पाऊस लवकर आला तर इथेच घात होतो. ओलसर राहिलेल्या बियांना बुरशी येते आणि मग तेलाला जो वास लागतो तो कशानेही जात नाही. वाळलेल्या बिया फोडून, सुपात पाखडून टरफलं काढायची. आतला गर व्हायनात, म्हणजे जमिनीत बसवलेल्या उखळात, मुसळाने कुटायचा. हे कूट भरपूर पाण्यात घालून चुलीवर उकळत ठेवायचं. तेल वर येतं, ते पळीने काढून घ्यायचं, किंवा सगळं रात्रभर निवू द्यायचं आणि सकाळी वर धरलेला थर उचलायचा. तो पुन्हा कढवायचा आणि कोमट असताना मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे वळायचे.

पुन्हा कढवण्याची ही पायरी मी कधीही गाळत नाही. बाजारातून आणलेल्या गोळ्यात पाण्याचा अंश अडकलेला असू शकतो. आमच्या गावच्या काकी सांगायच्या, "पाणी आटाक व्हया, नायतर बुरशी येतली." म्हणून मी गोळा आणला की आधी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर वितळवते, तडतड पूर्ण थांबेपर्यंत ठेवते आणि दुहेरी सुती फडक्यातून कोरड्या स्टीलच्या डब्यात गाळते. गाळात कुटाची बारीक पूड निघते. गाळलेलं तेल थिजलं की फिकट पिवळसर, करड्याकडे झुकणारं दिसतं. वास सौम्य, किंचित आंबूस. तोच मला आवडतो. शुभ्र शुद्ध केलेलं कोकम बटर वापरलंत तरी मलम बिघडणार नाही, पण पैसा गावातल्या चुलीपर्यंत पोचावा असं वाटत असेल तर गोळाच घ्या.

आता मुठेलच का? यातल्या स्निग्धाम्लांत निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असतं आणि उरलेल्यातलं बहुतेक ओलिक. त्यामुळे ते कडक राहतं, टचकन तुटतं आणि साधारण 38 ते 42 अंश सेल्सिअसला वितळतं. शिया त्याच्या बरंच आधी मऊ पडायला लागतं. मुंबईच्या मे महिन्यात पर्समध्ये ठेवलेली शियाची डबी उघडली की बहुतेकदा पातळ तेल दिसतं. मुठेलाची डबी धरून राहते. शिवाय ते त्वचेवर चिकट थर ठेवत नाही. आपल्या घामट हवेत हा गुण फार मोठा आहे.

पण याच गुणाची दुसरी बाजू समजून घ्या. आपल्या त्वचेचं वरचं तापमान 32-34 अंशांच्या आसपास असतं. म्हणजे नुसता मुठेलाचा तुकडा हातावर घासला तर तो नीट पसरत नाही, ओढला जातो. गावाकडे म्हणूनच तो निखाऱ्यावर किंवा पळीत गरम करून, पातळ करून टाचेच्या भेगेत सोडतात. रोजच्या वापराला त्यात पातळ तेल मिसळावंच लागतं, आणि मलम कसं होणार हे बरंचसं त्या तेलावर ठरतं.

मी करडईचं घाण्याचं तेल घालते. पुष्कळ जणींना हे ऐकून आश्चर्य वाटतं, कारण करडई म्हणजे सोलापूर-मराठवाड्यातली फोडणी. पण पारंपरिक वाणांच्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल 70 टक्क्यांच्या वर असतं, आणि त्वचेला आपलं ओलावा धरून ठेवणारं आवरण बांधायला नेमकं हेच आम्ल लागतं. ऑलिव्ह तेलात उलट ओलिक आम्लच जास्त. ते कोरड्या किंवा लहान बाळाच्या त्वचेवर रोज चोळलं तर ते आवरण कमकुवत होतं. महाग म्हणून ते चांगलं, असा हिशेब इथे चालत नाही. करडईचं दुखणं एकच, ते लवकर खवट होतं. म्हणून एका वेळी 100 ग्रॅमहून जास्त मलम करू नका. तिळाचं तेल त्या मानाने टिकाऊ, पण वास उग्र.

टाचांसाठी माझं माप असं आहे: मुठेल 30 ग्रॅम, करडईचं तेल 55 ग्रॅम, मधमाश्यांचं मेण 15 ग्रॅम. मोजायचं वजनाने, वाटीने नाही; थिजलेल्या आणि पातळ पदार्थाचं माप वाटीत फसतं. हातांना आणि ओठांना मऊ हवं असेल तर मेण 8 ग्रॅम आणि तेल 62. उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याला पाठवायचं असेल तर मेण अजिबात कमी करू नका, कारण तिथल्या उन्हात मुठेलही वितळतं. डबीला आकार राहतो तो मेणामुळे.

एका पातेल्यात पाणी गरम करून त्यात स्टीलचं भांडं ठेवायचं. मेण वितळायला 62 ते 65 अंश लागतात, म्हणून आधी मेण आणि थोडं तेल, मेण विरघळलं की मुठेल, शेवटी उरलेलं तेल. आच बंद. कोरड्या डब्यांत ओतायचं आणि लगेच फ्रीजमध्ये. ओट्यावर सावकाश निवलं तर कडक अंश आधी थिजतो आणि मलम रवाळ होतं. तसं झालं तर पुन्हा वितळवून भराभर थंड करायचं, काहीही वाया जात नाही. तेलकटपणा कमी हवा असेल तर अर्धवट थंड झाल्यावर चमचाभर आरारूट घोटून घाला. सुगंधाला वाळ्याचं अत्तर नको, वाळ्याचं शुद्ध तेल 100 ग्रॅमला 10 थेंबांपर्यंत पुरे. लिंबाचं तेल उन्हात जायच्या त्वचेवर नको, त्याने भाजल्यासारखे डाग उमटू शकतात. आणि लहान मुलांच्या मलमात कापूर अजिबात नको. कापूर बाळांना धोक्याचा आहे, वासाला कितीही घरगुती वाटला तरी.

इथवर आलं की पुढचा प्रश्न ठरलेला: यात कोरफडीचा गर घालू का? गुलाबपाणी? ताक? नका घालू. अगदी कळकळीने सांगते. तेल, कढवलेलं मुठेल आणि मेण यांत पाणी नसतं, म्हणून त्यात जंतू वाढत नाहीत. पाण्याचा अंश आला की ते क्रीम होतं, आणि क्रीमला पाणी-तेल एकत्र धरणारा पदार्थ लागतो, त्याच्या जोडीला परिरक्षकही लागतं, तेही नेमक्या वजनाचं आणि त्या मिश्रणाच्या आम्लतेला जुळणारं. ते नसेल तर काही दिवसांत त्यात जीवाणू आणि बुरशी वाढते, आणि सुरुवातीला ना वास येतो ना रंग बदलतो. भेगाळलेल्या, उघड्या त्वचेवर आपण ते चोळतो. जीवनसत्त्व ईची कॅप्सूल फोडून घातली म्हणजे काम झालं असं बरेच जण समजतात; ती तेलाचा खवटपणा लांबवते, जंतूंना थांबवत नाही. कोरफड लावायची असेल तर ताजं पान कापा, पिवळा चीक निथळू द्या, गर लावा, वाळला की वरून मलम लावा. दोन्हींचा गुण मिळतो. आंघोळीनंतर किंचित ओल्या अंगावर लावलं तरी तेच साधतं. पाणी त्वचेवर आहे, तुमचं मलम ते आत धरून ठेवतं. डबीत ओलं बोट मात्र घालू नका.

पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहा. चेहरा तेलकट असेल, मुरमं येत असतील तर हे तिथे नको. याने ऊन अडत नाही. आणि घरात कोणाला मधुमेह असेल, टाचेच्या भेगेतून रक्त येत असेल किंवा पाय बधिर वाटत असेल, तर मलमाची वाट पाहू नका, डॉक्टरांना पाय दाखवा. मुठेल कोरडी त्वचा मऊ करतं, जखमेतला संसर्ग बरा करत नाही.

गोळे मिळतात कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण इकडच्या बाजारांत आणि बचत गटांकडे. घेताना एक टोक मोडून पाहा. चांगलं मुठेल कडक असतं, आवाज करत तुटतं आणि बोटांत चोळलं तर हळूहळू मऊ होतं. धरल्याबरोबर लोण्यासारखं पाघळलं तर त्यात दुसरं काही मिसळलं आहे. ओळखीच्या घरी उन्हाळ्यातच सांगून ठेवलंत तर उत्तम, कारण आगळ-सरबताच्या धांदलीत बऱ्याच घरी तेल काढायला सवड नसते आणि बिया सरळ व्यापाऱ्याकडे जातात. आधी मागणी कळली तर त्या ठेवून घेतात.

आणि हो, "मग तुम्ही विकतच का देत नाही?" असंही विचारता. विकायला करायचं तर सौंदर्यप्रसाधनांसाठी 2020 चे नियम आहेत, परवाना लागतो, जागा आणि तपासणी लागते, आणि ते तसंच असायला हवं. माझ्या स्वयंपाकघरात ती सोय नाही. तुम्ही मुठेल आणि वजनकाटा घेऊन या. मेण माझ्याकडे आहे, तासाभरात आपण तुमच्या घरापुरतं करू.