परतीचा शिक्का

२०१९ च्या नोव्हेंबरमधील त्या सकाळी रत्नागिरीतल्या माझ्या प्रवासी कंपनीच्या ऑफिसचे शटर नुकतेच वर केले होते, तोच सोनौलीच्या भारत-नेपाळ सीमेवरून फोन आला. जयगडकडचे बारा जणांचे कुटुंब आदल्या दिवशी कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूरला उतरले होते आणि लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू करून त्याच रस्त्याने परतणार होते. "काका, हिला जाऊ देतायत, पण परत इथून आत घेणार नाही म्हणतात," असे थोरला नातू सांगत होता. 'हिला' म्हणजे त्याच्या बायकोला.

बाकीच्या अकरा जणांचा मला घोर नव्हता. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते आणि पासष्टीच्या पुढच्या आजी-आजोबांना आधार कार्डही चालते. नातसुनेचा जन्म मात्र इंग्लंडमधला, पासपोर्ट ब्रिटिश, परदेशी नागरिकाला व्हिसाशिवाय भारतात ये-जा करू देणारे ओसीआय कार्ड अजून काढलेले नव्हते आणि ती एक वर्षाच्या ई-टुरिस्ट, म्हणजे ऑनलाइन काढलेल्या पर्यटक व्हिसावर आलेली होती. बुकिंगच्या वेळी व्हिसाची मुदत शिल्लक आहे आणि कितीही वेळा ये-जा करता येते, एवढे पाहून मी फाइल मिटली होती. परंतु ई-व्हिसावर त्या वेळी ठरावीक विमानतळांवरून आणि बंदरांतूनच भारतात प्रवेश मिळत असे. सोनौलीहून बाहेर पडता येई, आत येता येत नसे. चूक माझी होती आणि ती मी फोनवरच कबूल केली.

सीमेवरच्या त्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचे उपकार मी विसरणार नाही. परतीचा रस्ता कोणता, हे त्याने शिक्का मारण्यापूर्वी आपणहून विचारले. न विचारता मारला असता, तर ती मुलगी परतताना पलीकडे अडकली असती.

एवढ्यात बसच्या चालकाने तोडगा काढला. भारतीय माणसे तिथून सहज ये-जा करतात, इमिग्रेशनची कचेरी रस्त्याच्या कडेला एवढीशी आहे, तेव्हा येताना सगळ्यांबरोबर गुपचूप बसून यायचे, कोण बघतो! नातवाला ते पटू लागले होते. मी त्याला बसमधून उतरून एकट्याने बोलायला सांगितले आणि स्पष्ट बजावले की शिक्क्याशिवाय आत येणे हा, तेव्हा लागू असलेल्या १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याखाली, गुन्हा आहे, आणि इंग्लंडला परत जाताना विमानतळावर तिचा पासपोर्ट उघडला की भारतात पुन्हा केव्हा आलात, याला उत्तर उरणार नाही.

तिला गोरखपूरला ठेवून बाकीच्यांनी पुढे जावे, असेही बोलणे झाले. तेव्हा आजोबांनी फोन आपल्या हातात घेतला. "अरे, नातसुनेला सोडून मुक्तिनाथाला जाऊन मी काय करू?" त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही.

काठमांडूच्या भारतीय दूतावासातून नवा व्हिसा काढायचा, तर किती दिवस लागतील याचा भरवसा नव्हता. दिल्लीचा विमानतळ मात्र ई-व्हिसाच्या यादीत होता. म्हणून दोघांची काठमांडू-दिल्ली आणि दिल्ली-मुंबई अशी विमानाची तिकिटे मी तासाभरात काढली, मुंबईहून कोकण रेल्वेचे आरक्षण केले, आणि तिकिटांचा वाढीव खर्च माझ्याकडे घेतला. आजोबा नको म्हणत होते, पण ते मला मान्य होण्यासारखे नव्हते. नातसुनेने भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का घेतला, पलीकडे नेपाळचा १५ दिवसांचा व्हिसा ३० डॉलर भरून काढला आणि दुपारी बस लुंबिनीकडे निघाली.

पुढचे दिवस माझे लक्ष त्या एका विमानाकडेच लागलेले होते. ते दिल्लीला उतरल्यावर दीड तास निरोप नव्हता. मग मोबाइलवर एक फोटो आला. पासपोर्टचे पान, त्यावर थोडा तिरका उमटलेला प्रवेशाचा शिक्का, आणि पान धरणाऱ्या अंगठ्याजवळ मुक्तिनाथचा लाल धागा.

दोघे जयगडला पोहोचले तेव्हा बाकीचे दहा जण अजून गाडीतच होते. नातसुनेने बंद घर उघडले, पाणी भरून ठेवले आणि आजी-आजोबांना आणायला ती स्वतः रत्नागिरी स्टेशनवर गेली.