थरथरत्या अक्षरातला मुद्दा

दुपारी वही उघडून बसलो. पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे 'घ्यावी', उजवीकडे 'नको'. डावीकडचं आधी लिहिलं. तेव्हा चक्कर मारून येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, तळहातांतल्या मुंग्या उतरायच्या होत्या, आणि पेन धरलंय की नाही हे बोटांकडे बघितल्यावरच कळत होतं.

गाडी जुनी आहे, दोन सिलिंडरची. नाव सांगत नाही. सांगितलं की निम्मे लोक अभिनंदन करतील आणि निम्मे सांत्वन. पहिली किक ती नुसती ऐकून घेते. दुसरीला खोकते. तिसरीला चालू होते आणि डबल स्टँडवर उभी असूनही हळूहळू मागे सरकायला लागते, बोलणं आवडलं नाही म्हणून माणूस खुर्ची सरकवतो तशी. आरशात मागे एकच कार असते, पण दिसतात तीन.

दोन सिलिंडर म्हणजे एक पिस्टन वर, एक खाली, फिट्टंफाट, असा माझा कित्येक वर्षं भाबडा समज होता. या जातीच्या इंजिनात दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात. एडवर्ड टर्नरने 1937 च्या ट्रायम्फ स्पीड ट्विनमध्ये हीच मांडणी केली आणि पुढे बाकीचे ब्रिटिश कारखानेही त्याच वाटेने गेले. फायदा असा की क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला एक ठोका, अगदी सारख्या अंतराने. तोटा बसणाऱ्याला बसल्या जागी कळतो. क्रँकवर उलट वजन लावतात, पण त्याने हादरा मिटत नाही. उभ्याचा थोडा आडवा होतो, इतकंच. त्यात फेरे दुप्पट झाले की जोर चौपट. शेवटी नॉर्टनवाल्यांनी 1967 च्या कमांडोत इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्म असं सगळं बिऱ्हाड रबरावर बसवून फ्रेमपासून वेगळं काढलं. घरातल्या भांडखोर माणसाला स्वतंत्र खोली द्यावी तसं. भांडण थांबलं नाही, भिंतीपलीकडे गेलं. मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो, आणि फक्त मोटारसायकलपुरता नाही.

आता तर हादऱ्याला उलटा हादरा देऊन मारणारे बॅलन्सर शाफ्ट असतात. 1995 च्या टीआरएक्स 850 मध्ये यामाहाने दोन पिस्टनांत 270 अंशांचं अंतर ठेवलं, म्हणजे दोघं एकदम वर-खाली होत नाहीत, तेही पुढे अनेकांनी उचललं. तसल्या नव्या गाड्याही चालवून बघितल्या. गुळगुळीत, समंजस. खाली उतरल्यावर काही आठवत नाही.

मामाची गाडी एकाच सिलिंडरची होती. तो मला पुढे टाकीवर बसवायचा. हँडलच्या मधल्या दांड्याला घट्ट धरायचं, गाडी सुटली की तोंड उघडायचं आणि 'आऽऽऽ' सुरू करायचं. आवाज तुकडे होऊन बाहेर यायचा. आ-आ-आ-आ. मामा वेग वाढवायचा तसे तुकडे बारीक होत जायचे आणि एका ठरावीक वेगाला सगळे जुळून एकच तार लागायची. मग चढावर पुन्हा तुकडे. गाडी थांबली की मी चटकन तोंड मिटायचो, लोक बघतील म्हणून. एकदा मागून मामानेही 'आऽऽऽ' लावला, माझ्यापेक्षा बराच खाली. दारात उभ्या मामीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि काही न बोलता आत गेली.

हां, तर गाडी. अशा गाडीचे नटबोल्ट सैल होतात, हेडलाइटच्या बल्बची तार तुटते, नंबर प्लेटला तडा जातो. दर रविवारी पाना घेऊन बसावं लागणार. खरं सांगायचं तर मला ही अडचण वाटतच नाही. दुसऱ्याच्या घरी दाराची सैल कडी दिसली तरी खिशात स्क्रूड्रायव्हर नसल्याचं मला वाईट वाटतं. पण हे वहीत कुठल्या बाजूला लिहायचं? शेवटी उजवीकडेच लिहिलं, लोकलाजेस्तव.

आणि एक. आज परतताना सिग्नलला थांबलो होतो. हेल्मेटची काच खाली होती, आजूबाजूला कुणी ओळखीचं नव्हतं. हळूच 'आऽऽऽ' करून बघितलं. वय त्रेपन्न.

आता संध्याकाळ झाली, हात ताळ्यावर आलाय. उजव्या बाजूला सात मुद्दे आहेत, सुवाच्य, क्रमांक घातलेले. डावीकडे एकच आहे. चष्मा लावून बघितला, काढून बघितला, वही खिडकीपाशी नेली. सुरुवातीचा 'क' असावा, पुढचं काही लागत नाही.

मालकाने उद्यापर्यंत थांबतो म्हटलंय.