भांड्यांवरची नावं

परवा दुपारी समोरच्या काकूंचा डबा घासत होते. त्यातले अनारसे आदल्या दिवशीच संपले होते. डबा मात्र ओट्यावर तसाच राहिला होता, कारण रिकामा परत करायचा नाही आणि भरून द्यावं असं घरात काही नव्हतं. घासताना बुडाशी बोट अडलं म्हणून उलटा करून पाहिला. ठिपक्याठिपक्यांनी लिहिलं होतं : ‘वहिनीस, नणंदेकडून. ९-२-७४’. बस. त्या दिवशी काय होतं, मुंज, डोहाळजेवण की नुसतंच प्रेम, काही कळायला मार्ग नाही.

मला भांडी वाचायची खोड आहे. कुणाकडे जेवायला गेले की वरण-भात संपायच्या आत ताटाचा काठ वाचून होतो. वाटी जरा उचलून खालून बघते, पेल्यावर अक्षरं असली तर पाणी पिताना तो बोटांनी फिरवते. नवऱ्याला याची लाज वाटते. त्याच्या मते हे दुसऱ्याचं पत्र वाचण्यातलं आहे. असेलही. पण पत्र लपवून ठेवतात, हे तर आपण होऊन पाहुण्यापुढे मांडतात.

लहानपणी भांड्यांच्या दुकानात मला फक्त एका गोष्टीसाठी जायचं असायचं. खरेदी झाली, घासाघीस झाली, आई उठायच्या बेतात आली की दुकानदार विचारायचा, ‘नाव घालायचं का?’ मग कोपऱ्यातला मुलगा ते जाड पेनासारखं मशीन हातात घ्यायचा आणि टर्रर्र सुरू व्हायचं. दात आंबायचे, पण मी हलायची नाही. तो अक्षरामागे पैसे घ्यायचा, त्यामुळे आईचा मजकूर तारेसारखा तोकडा असायचा. ‘चि. सौ. कां.’ यातलं काय काय गाळता येईल यावर तिथेच उभ्या उभ्या चर्चा व्हायची. ऱ्हस्व-दीर्घ पूर्णपणे त्या मुलाच्या मर्जीवर. आमच्या अर्ध्या गावातल्या भांड्यांवर ‘स्म्रुती’ होती आणि कुणाचं काही अडलं नाही.

आजीच्या वेळचं प्रकरण वेगळं. तिची तांब्यापितळेची भांडी पुण्याच्या तांबट आळीतली, त्यांच्यावरची अक्षरं छिन्नीने ठोकून काढलेली, खोल, बोट फिरवलं तर टोचणारी. आणि सगळ्या भांड्यांवर आजोबांची आद्याक्षरं. हंडा, कळशी, घंगाळ, अगदी पुरणयंत्रसुद्धा. आजोबांनी जन्मात पुरण वाटलं नसेल. नाव घालायचं ते मुळात भांडी घरोघर फिरायची म्हणून. एका घरी कार्य निघालं की आळीतली पातेली, पराती तिकडे जायच्या, आणि चौथ्या दिवशी अंगणात ढीग घालून आपापलं ओळखून न्यायचं. तिथे आजी उकिडवी बसून नवऱ्याची आद्याक्षरं शोधायची. तिला वाचता येत नव्हतं. अक्षरांचा आकार तेवढा ठाऊक होता.

पुढे स्टील आलं. हे स्टेनलेस स्टील १९१३ साली इंग्लंडातल्या शेफिल्डला निघालं. हॅरी ब्रिअर्ली नावाचे गृहस्थ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून धातूंची मिश्रणं करून बघत होते. बंदुकांचं पुढे काय झालं देव जाणे, आपण त्याच्या आमटीच्या वाट्या केल्या, हे मला फार आवडतं. कल्हई नको, चिंच लावून घासणं नको. आजीचा त्याच्यावर शेवटपर्यंत विश्वास नव्हता. ‘ज्याला कशानं काही होत नाही त्याला चव तरी काय येणार?’ म्हणायची.

पण स्टीलबरोबर एक झालं. भांडी स्वस्त झाली आणि बायका बायकांना देऊ लागल्या. मावशीकडून, मामीकडून, भिशीच्या मैत्रिणींकडून. दाराच्या पाटीवर नाव नाही, विजेच्या बिलावर नाही, पण दुसरीच्या मांडणीवर आहे, अशा कितीतरी बायका मी भांड्यांवरूनच ओळखते.

आत्यांचं नाव मात्र एकदा खऱ्या कागदावर आलं होतं. आजोबा गेल्यावर वारस म्हणून दोघींची नावं सातबाऱ्यावर चढली. कायदा १९५६ पासूनच होता. पुढे १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली देशाने मुलींना मुलग्यासारखाच जन्मापासूनचा हिस्सा दिला. तेव्हा कायद्याची काही कमी नव्हती. कमी होती ती भावाकडे ‘माझं काय?’ असं विचारायला लागणाऱ्या तोंडाची. दोघींनी निबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. येताना काकांनी दोघींना साडी घेतली आणि झाकणाचं एकेक मोठं पातेलं. त्यावर ‘सप्रेम भेट, बंधूंकडून’. धाकट्या आत्याने ते पातेलं कधी चुलीवर चढवलं नाही, दिवाळीलासुद्धा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, ‘मोठं होतं गं. आम्ही माणसं किती.’ घरात तेव्हा सात माणसं जेवत होती.

आईची गोष्ट जरा मजेची. आमच्याकडे तांदूळ मोजायला एक पेला होता, कडेला चेमटलेला. त्यावर कुणा मुलीचं नाव आणि पुढे ‘धावणे, द्वितीय’. ते आईचं माहेरचं नाव आहे हे मला दहावीत असताना कळलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर बाबांनी अंगठीने जे नाव लिहिलं, तेच आम्हाला माहीत. त्याआधीही आई कुणीतरी होती आणि ती कुणीतरी धावत होती, हे पचायला मला वेळ लागला. कारण आम्ही तिला बस सुटत असतानाही धावलेली पाहिली नव्हती. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, तू पळायचीस? स्पर्धेत? दुसरी आलीस? आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘तिघीच तर होतो. एक पडली.’

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं, असा निर्णय महाराष्ट्राने केला, तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं. मला वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, ‘आईचं म्हणजे कुठलं? माहेरचं की सासरचं?’ मग गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.

नाव नसलेली भांडी यायची ती बोहारणीकडून. डोक्यावर पाटी, पाटीत चकचकीत स्टील, पाठीशी कपड्यांचं गाठोडं. आईची आणि तिची तासतास झटापट चालायची. तीन साड्यांवर पातेली अडायची, जरीचा काठ निघाला की सुटायची. कपड्यांवर मिळालेल्या भांड्यावर काय नाव घालणार? कुणी दिलेलं नाही, धड विकत घेतलेलंही नाही.

बाबा गेले त्यानंतर पावसाळा संपता संपता आईने बोहारणीला हाक मारली. मी घरात होते. आईने कपाटातून बाबांच्या पँटी, शर्ट, दोन स्वेटर आणले आणि दारात ठेवले. बोहारीण नेहमीची. तिने प्रत्येक पँट उजेडात धरली, गुडघे बघितले, खिसे उलटे केले. एका खिशातून बसचं तिकीट निघालं, ते तिने आईच्या हातात दिलं. आईने ते घडी करून कमरेला खोचलं. मग बोहारीण म्हणाली, ‘वहिनी, ह्याच्यावर छोटा डबा येईल.’ मला वाटलं आई आता काहीच बोलणार नाही, देऊन टाकेल. आई म्हणाली, ‘छोटा? अहो, हा शर्ट त्यांनी एकदाच घातलाय. मोठा काढा.’ आणि झालं सुरू. चांगला अर्धा तास. शेवटी मधला डबा आणि वर एक गाळणं, असं ठरलं. मी आतल्या खोलीत जाऊन बसले, मला ते ऐकवेना. आज वाटतं, त्या दिवशी आमच्या घरात शुद्धीवर असलेलं माणूस एकटी आईच होती. डब्यात तिने चहाची पूड भरली. अजूनही असते.

काकूंच्या डब्यात शेवटी साखर घालून दिली. त्या वहिनी म्हणजे कोण, हे विचारायचं राहूनच गेलं.

गेल्या आठवड्यात बाजारात एक घट्ट झाकणाचा डबा आवडला. पैसे देताना सहज विचारलं, नाव घालून देता का? दुकानदार जरा चमकला. आता कुणी घालत नाही म्हणाला, लोक पाकिटं देतात. पण मशीन होतं, खालच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेलं. ‘कुणाकडून लिहायचं, ताई?’ मी म्हटलं, कुणाकडून नाही, माझंच आहे. ‘बरं. मग निमित्त काय?’ निमित्त काही नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने डबा हातात घेतला, बुडाशी अंगठ्याने दाबून पाहिलं आणि परत माझ्यापुढे सरकवला.

‘नको ताई. हल्लीचा पत्रा पातळ असतो. भोक पडेल.’

तसाच घेऊन आले. झाकण खरंच चांगलं बसतं.