तुम्ही विचारलंत म्हणून: रामरक्षा म्हणता येते, मग पाणी का मागता येत नाही?

मी पुण्यात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. पक्षाघाताच्या पेशंटबरोबर आलेले नातेवाईक पहिल्या-दुसऱ्या भेटीत हा प्रश्न विचारतातच. "मॅडम, बाबांना संध्याकाळी रामरक्षा लावून दिली की बरोबरीने म्हणतात. एक ते वीस आकडे म्हणतात. चिडले तर शिवीही स्वच्छ देतात. मग पाणी हवं असलं की नुसतं 'ते, ते' का करतात? मुद्दाम करतात का?" हे शेवटचं वाक्य आवाज खाली आणून विचारलेलं असतं. बाबा शेजारच्याच खुर्चीत असतात. बहुतेक वेळा त्यांना ते ऐकू येतं आणि कळतंही.

मुद्दाम करत नाहीत. हे आधी सांगते, कारण घरात ही शंका एकदा शिरली की उपचार फार अवघड होतात. मग 'पाणी' या एकाच शब्दाकडे वळते.

पाणी म्हणायचं तर आधी छातीत हवा हवी. श्वासपटल हलवणारी नस मानेतल्या मज्जारज्जूतून निघून छातीत उतरते. मग ओठ मिटायचे. ते काम चेहऱ्याच्या नसेचं, मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी सातवीचं. त्याच क्षणी मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करायची, नाहीतर 'प'चा 'म' होतो. स्वरतंतू तेवढ्यापुरते एकमेकांपासून लांब ठेवायचे, नाहीतर 'प'चा 'ब' होतो. ओठ सुटले की जबडा खाली आणि स्वरतंतू लगेच जवळ, म्हणजे 'आ'ला आवाज मिळतो. टाळू आणि स्वरतंतू ही दोन्ही कामं मुख्यतः दहाव्या नसेची, व्हेगसची. तिची डाव्या स्वरतंतूकडे जाणारी फांदी तर आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा गळ्यात चढते. पुढे 'ण': जिभेचं टोक मागे वळून वर टेकायचं, टाळूने खाली येऊन हवा नाकात सोडायची. जीभ बाराव्या नसेच्या ताब्यात. शेवटी 'ई'साठी जिभेचा पुढचा भाग वर. सहज बोलताना या सगळ्याला जेमतेम अर्धा सेकंद लागतो.

म्हणून मी पेशंटला पहिल्याच दिवशी 'प-प-प', 'त-त-त', 'क-क-क' भराभर म्हणायला लावते आणि मग 'प-त-क, प-त-क'. निरोगी माणूस सेकंदाला पाच-सहा वेळा 'प' म्हणतो. ओठ, जिभेचं टोक आणि जिभेची मागची बाजू यांपैकी कोण मागे पडतंय, ते एका मिनिटात ऐकू येतं. घरच्यांना हा पोरखेळ वाटतो, पण यातून मला खूप काही कळतं.

नसांना हुकूम येतो तो मोठ्या मेंदूतून. कॅनडात माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांनी जाग्या पेशंटांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य वीजप्रवाह देऊन कोणता भाग शरीराचं काय हलवतो, याचा नकाशा काढला. तो १९३७ साली प्रसिद्ध झाला. त्या नकाशात हात, ओठ आणि जीभ यांनी फार मोठी जागा व्यापली आहे. तिथून निघालेले तंतू मेंदूच्या खोडाकडे, म्हणजे चेहऱ्याच्या आणि जिभेच्या नसा जिथून निघतात त्या खालच्या भागाकडे, जातात. जबडा, टाळू आणि स्वरतंतू यांना साधारणपणे मेंदूच्या डाव्या-उजव्या दोन्ही अर्धगोलांकडून हुकूम मिळतो, त्यामुळे एक बाजू बिघडली तरी दुसरी पुष्कळ सांभाळून घेते. तोंडाच्या खालच्या भागाचं तसं नाही. तो मुख्यतः विरुद्ध बाजूवर विसंबून असतो, म्हणून पक्षाघातात तोंडाचा कोपरा उतरतो पण कपाळाला आठ्या घालता येतात.

आता बिघाड नेमका कुठे झाला, त्यावर सगळं ठरतं. स्नायूंपर्यंत पुरेसा जोर पोचत नसेल तर शब्द बरोबर असतात पण जड, लडबडलेले येतात. हा डिसार्थ्रिया, यात रामरक्षाही तितकीच जड येते. स्नायूंत जोर आहे, पण कुठली हालचाल कधी करायची ही आखणी मोडली असेल, तर 'पाणी'चं एकदा 'ताणी', एकदा 'बाणी' होतं, आणि माणूस ओठ चाचपडत जागा शोधतो. हा अ‍ॅप्रॅक्सिया. आणि शब्दच हाती लागत नसेल तर तो वाचाघात, अफेजिया. शेवटचे दोन पुष्कळदा एकत्रच येतात, कारण उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेक सगळ्यांची भाषा डाव्या अर्धगोलात असते आणि एकाच रक्तवाहिनीचा अडथळा दोन्हींना धक्का देतो. उजवा हातही त्याच फटक्यात जातो.

पण मग रामरक्षा? पाठ म्हणणं, मोजणं, शिवी, "अरे देवा", गाण्याची ओळ, यांत वाक्य नव्याने जुळवावं लागत नाही. हजारदा म्हणून ती हालचालींची एकसंध साखळी झालेली असते. पहिली कडी सुटली की पुढच्या मागोमाग येतात. या कामात उजवा अर्धगोल आणि मेंदूच्या खोल भागातली केंद्रं बरीच मदत करतात, आणि ती अनेकदा शाबूत असतात. पॅरिसमध्ये १८६१ साली डॉक्टर ब्रोका यांनी तपासलेला प्रसिद्ध पेशंट फक्त 'तान' एवढंच म्हणायचा, पण संतापला की त्याच्या तोंडून शिवीसारखे शब्द बाहेर पडत. पुढे इंग्लंडचे मेंदूविकारतज्ज्ञ ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी आपोआप येणारं बोलणं आणि हेतूने केलेलं बोलणं यांत फरक करायला हवा, हे ठामपणे मांडलं. माझ्याकडे पीएमटीतले, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेतले, एक निवृत्त कंडक्टर येत. स्वतःच्या मुलाचं नाव त्यांना सांगता येत नसे. मी "डेक्कन" म्हटलं की ते पुढचे थांबे "गरवारे कॉलेज, नळ स्टॉप, पौड फाटा, वनाज" असं एका दमात म्हणून जात, आणि त्यानंतर त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. हसण्याचंही तसंच आहे. "हसून दाखवा" म्हटलं तर उतरलेला कोपरा हलत नाही. नात दारात दिसली की तोच कोपरा वर जातो.

पार्किन्सन्समध्ये याच्या बरोबर उलटं होतं, आणि तेही घरच्यांना कोड्यात टाकतं. तिथे मेंदूतलं डोपामाइन हे रसायन कमी पडल्याने आपोआप चालणाऱ्या हालचालीच आखडतात. आवाज बारीक होतो, शब्द एकमेकांवर धावतात. "मोठ्याने बोला" म्हटलं की ताबडतोब खणखणीत आवाज येतो आणि दोन वाक्यांनंतर पुन्हा विझतो. लक्ष देऊन केलेली हालचाल जमते, सवयीची जमत नाही. त्यांनाही घरी "बघा, मनात आणलं की येतं" हे ऐकावं लागतं. मला याचा फार त्रास होतो, कारण दिवसभर प्रत्येक शब्द मनात आणून बोलायचं म्हणजे काय, हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसतं.

पुढचा प्रश्न असतो: मग दिवसभर रामरक्षाच म्हणवून घेऊ का? म्हणवून घ्या, त्यांना बरं वाटतं, आवाज आणि श्वास चालू राहतात. पण तेवढ्याने पाणी मागता येणार नाही. साखळी साखळीच राहते, तिच्यातला शब्द सुटा होऊन कामाला येत नाही. तो मुद्दाम सोडवावा लागतो. १९७३ साली बॉस्टनच्या संशोधकांनी सुरातून बोलण्याकडे नेण्याची एक पद्धत मांडली. ती मी मराठीत वापरते. "पाणी दे" हे दोन सुरांत म्हणायचं, सोबत त्यांच्या डाव्या हाताने ठेका धरायचा. आधी दोघांनी मिळून, मग मी अर्ध्यात थांबायचं, मग सूर हळूहळू सपाट करत साध्या बोलण्यावर यायचं. दर वेळी समोर खरं भांडं, खरं पाणी, आणि म्हटल्यावर लगेच ते हातात.

सहा महिने झाले, आता काय होणार, असं म्हणून पुष्कळजण येणं बंद करतात. सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते हे खरं. पण नेटाने आणि भरपूर सराव केला तर वर्षानंतरही शब्द वाढतात. मी पाहिलेत वाढताना.