‘सुरू करा ना, बाय’

गेल्या जुलैतला बुधवार. आमच्या आरोग्य केंद्रात बुधवारी शुगर आणि प्रेशरवाले येतात. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात पाऊस लागला की सकाळी दहालाही दिवे लावावे लागतात. दारात ओल्या छत्र्यांचा ढीग पडतो आणि फरशीवर चिखल होतो, म्हणून सफाईवाली मावशी अर्ध्या-अर्ध्या तासाने फडकं फिरवत असते. तिने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर मला लाल ठिपके दिसले. एक पाऊल सोडून एक. दारापासून औषधांच्या खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून बाकड्यापर्यंत.

ठिपक्यांच्या टोकाला साठीचे एक काका गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. चतुर्थीआधी घराला रंग द्यायचा की नाही, यावर बायकोशी बोलणं चाललं होतं.

“काका, पायाला काय लागलंय?”

“कोणाच्या?” त्यांनी विचारलं.

उजव्या पायातली चप्पल काढायला मी खाली वाकले, तर ती निघेना. पत्र्याला मारतात तसला रुंद डोक्याचा, गंजलेला खिळा रबरी तळातून आरपार जाऊन अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी रुतला होता. गोठ्याचे पत्रे सोमवारी बदलले, असं काकी म्हणाल्या. म्हणजे दोन दिवस. खिळा पायात घेऊन हा माणूस दोन दिवस गोठ्यात, कुळागरात (सुपारीच्या बागेत) आणि बस स्टॉपपर्यंत चालला होता.

डॉक्टरांनी खिळा काढला, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. शुगर ३८७ निघाली. जखमेला वास येत होता, आजूबाजूची कातडी लाल आणि गरम होती. बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवायचं ठरलं. अँब्युलन्स येईपर्यंत डॉक्टरांनी मला दुसऱ्या, चांगल्या पायाची संवेदना तपासायला सांगितली.

ही तपासणी अगदी साधी असते. दहा ग्रॅम दाबाला वाकेल असा नायलॉनचा जाड दोरा असतो. तो तळव्याच्या ठरावीक जागी टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा आणि उचलायचा. रुग्णाने डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की ‘हो’ म्हणायचं. आधी मी त्यांच्या हातावर टेकवून दाखवला. “हो, कळतं की,” ते म्हणाले. मग डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून, आरतीला बसल्यासारखे शांत बसले.

मी अंगठ्याखाली टेकवला. मग मधल्या बोटाखाली, करंगळीखाली, चवड्यावर तीन जागी, तळव्याच्या मध्यावर, टाचेवर. दोरा दर वेळी वाकत होता. काकी समोरच उभ्या होत्या, त्यांना सगळं दिसत होतं. सगळ्या जागा संपल्या. मी दोरा डबीत ठेवत होते, तेव्हा मिटल्या डोळ्यांनीच काका म्हणाले, “सुरू करा ना, बाय.”

काकींनी पदर तोंडाला लावला. काय उत्तर द्यावं ते मलाही सुचलं नाही.

नंतर ते जे बोलले ते मला अजून झोपताना आठवतं. दोन-तीन वर्षांपूर्वी रात्री पायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या, चादरीचा स्पर्शही नकोसा व्हायचा. मग हळूहळू ते सगळं थांबलं. “मला वाटलं, औषध लागू पडलं.” आग थांबली होती ती नस मरत गेली म्हणून. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, त्या आधी जातात. पायाला घाम कमी येतो, कातडी सुकते, भेगा पडतात, आणि भेग पडली तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरं आहे, हा हिशेब मधुमेहात चालत नाही, आणि आपली माणसं सगळा हिशेब दुखण्यावरच करतात.

“मी तर गोड खातच नाही,” हे वाक्यही आलंच. ते खोटं बोलत नव्हते. पण सकाळी चहात बुडवून पोदेराचे (पाववाल्याचे) दोन पाव, मग पेज, दुपारी ताट भरून शीत-कडी म्हणजे भात-कालवण, रात्री पुन्हा शीत. हेच जेवण त्यांचे वडील जेवले, पण ते दिवसभर डोंगराळ शेतात राबायचे. काका बावीस वर्षं खाणीच्या ट्रकच्या सीटवर बसले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रक विकला, कर्ज राहिलं, झोप गेली. शरीराची मेहनत कमी झाली, ताटातला भात तेवढाच राहिला. वडिलांनाही ‘गोडेमूत’ म्हणजे मधुमेह होता, पण ते म्हातारपणाचं म्हणून घरी कुणी मनावर घेतलं नाही. घराणं, पोटाचा घेर, बैठं काम, काळजी, अपुरी झोप. धोक्याची सगळी कारणं एकाच माणसात बाकड्यावर बसली होती.

आणि हे एकट्या काकांचं नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीचे आकडे आले. देशात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, म्हणजे सुमारे १० कोटी १० लाख माणसं. गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत पहिला नंबर. त्या आठवड्यात आमच्याकडे जो तो हा आकडा सांगत होता. मी मात्र बाकड्यावर डोकी मोजली: दर चौथा. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२५ च्या अहवालात जगभरातल्या प्रौढ रुग्णांचा अंदाज ५८ कोटी ९० लाख आहे, आणि त्यातल्या दहापैकी चौघांना आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नाही.

काकांना तर नऊ वर्षांपासून ठाऊक होतं. ते दर महिन्याला येऊन गोळ्या न्यायचे. खिडकीत बहुतेक वेळा मीच असायचे. पावसापाण्याची विचारपूस करायचे, पाकीट द्यायचे, पुस्तकात सही करायचे. पाय दाखवा, असं मी त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं. गर्दी होती हे खरं, पण चप्पल काढायला किती वेळ लागतो?

अँब्युलन्स आली. निघता निघता मी काकींना म्हटलं, “तुमची शुगर पण एकदा बघूया.” त्या म्हणाल्या, “मला काय नाय गो, माझं काय दुखत नाय.” आणि म्हणता म्हणता स्वतःच थांबल्या. बोट पुढे केलं. जेवून तीन तास झाले होते, शुगर २१८. पुढच्या आठवड्यात उपाशीपोटीची १५१ आली, आणि आमच्या बुधवारच्या पुस्तकात त्यांचंही नाव चढलं. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. किती वर्षांपासून होता, कोण जाणे.

बांबोळीला काकांच्या हाडापर्यंत पू गेलेला निघाला. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं, पाऊल वाचलं. अठरा दिवसांनी घरी आले. आता इन्सुलिन घेतात. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की काकी त्यांचे दोन्ही तळवे उजेडात धरून बघतात, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतात, चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकतात. काकांना स्वतःला तळवा दिसत नाही, म्हणून जमिनीवर ठेवायला एक आरसाही आणलाय.

आमच्या पुस्तकात छापील रकाने आहेत: वजन, प्रेशर, शुगर, गोळ्या. त्यापुढे मी पट्टीने आणखी एक रकाना आखला आहे, ‘पाय’. पहिल्या बुधवारी एकतीस जणांच्या चपला काढून घेतल्या. चौघांच्या तळव्याला जखम होती. त्यातल्या तिघांना ती माहीत नव्हती.