तांदीच्या पुढे: जादा पेट्रोलचा हिशोब

मनालीहून लेहला जाताना अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरलं की चंद्रा आणि भागा नद्यांच्या संगमापाशी तांदीचा पेट्रोल पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, हे सांगणारा तिथला फलक लडाखला जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोटोत असतो. तो वाचून लोक हाती लागेल त्या कॅनमध्ये पेट्रोल भरून घेतात. मला वाटतं, तिथे आधी दोन मिनिटं कागद-पेन घेऊन बसावं.

आमच्याकडे दोन हिमालयन मोटरसायकली होत्या, एक माझी आणि एक नवऱ्याची. टाकी १५ लिटरची. सपाटीवर ३०चं अ‍ॅव्हरेज मिळतं, पण सामान लादून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढायचा तर २५च धरलेलं बरं. म्हणजे एका टाकीत ३७५ किलोमीटर. फलकावरचे ३६५ लेहपर्यंतचे, पण लेहच्या अलीकडे ३५ किलोमीटरवर कारूलाही पंप आहे, आणि तांदी ते कारू साधारण ३३०. सरळ लेहला जाणारी, नीट चालणारी गाडी एका टाकीत पोहोचते. दरड कोसळून रस्ता अडला, मागे फिरावं लागलं, तर मात्र हा हिशोब फार काठावरचा आहे.

आम्हाला सरळ जायचंच नव्हतं. मोरे मैदान संपता संपता देबरिंगला उजवीकडे वळून त्सो कार तळं, तिथून पोलोकोंगका ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून पुगाच्या गरम झऱ्यांवरून त्सो मोरिरी तळ्याकाठच्या कोरझोकला, आणि मग माहे-चुमाथांगवरून सिंधूच्या काठाने उपशी, कारू. सगळं मिळून ५०० किलोमीटरच्या पुढे जातं. २५च्या हिशोबाने २१ लिटर. त्यात थोडी भर घालून प्रत्येक गाडीला १० लिटरचा एकेक पत्र्याचा डबा घेतला आणि त्यात ९ लिटर भरलं. वाटेत कुठे पंप मिळेल असं धरलं नाही.

डबा पत्र्याचाच हवा, याबाबत माझा आग्रह आहे, आणि कायदाही तेच सांगतो. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय थोडं पेट्रोल जवळ ठेवायचं तर ते घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, आणि तो डबा २५ लिटरपेक्षा मोठा नको. काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्याला मर्यादा एका लिटरची. पाण्याच्या बाटल्या आणि खाद्यतेलाचे कॅन त्यात कुठेच बसत नाहीत.

पूर्ण न भरण्याचं कारण त्या रस्त्यावरच कळतं. तांदी अडीच हजार मीटरच्या आसपास आहे. तिथून बारालाचा ला ४,८९० मीटर, लाचुंग ला ५,०००च्या वर. बाहेरच्या हवेचा दाब कमी होत जातो, डब्यातली वाफ मात्र तांदीच्या दाबाने कोंडलेली असते, आणि वर दिवसभराचं ऊन. पेट्रोल तापलं की फुगतं: २० लिटर पेट्रोल ३० अंशांनी तापलं तर अर्ध्या लिटरहून जास्त वाढतं. ती वाढ सामावायला जागा नसेल तर ती झाकणातूनच वाट काढते. जर्मन सैन्यासाठी १९३७ साली जो २० लिटरचा डबा बनवला, त्यात हा विचार आधीच केलेला होता. पोकळ कुबड ठेवल्यामुळे भरतानाच वर हवा अडकून राहते, आणि बाजूंवरच्या खाचांमुळे पत्र्याला फुगायला वाव मिळतो. दोघांनी मिळून उचलता यावा म्हणून कड्या तीन. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे गळून पेट्रोल वाया जायचं, म्हणून ते शत्रूचे हे डबे मिळतील तिथून उचलून वापरायचे आणि पुढे त्यांनी तसेच बनवलेही. आजही ज्या डब्यावर मी विश्वास ठेवते त्याची घडण तीच आहे.

तांदीच्या पंपावर आम्ही डबे गाडीवरून सोडवून जमिनीवर ठेवले आणि मगच भरायला सांगितलं. पंपावरच्या मुलाने गाडीवरच भरू म्हणून हात पुढे केला होता, त्याला थांबवलं. प्रवाहाबरोबर तयार होणारी स्थिर वीज जमिनीवर ठेवलेल्या डब्यातून निघून जाते. नळीचं तोंड डब्याच्या कडेला टेकलेलं हवं. भरल्यावर कोरड्या फडक्याने पुसून, झाकणाचा वायसर बघून, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे डावीकडे, डबा शक्य तितका खाली बांधला. ९ लिटर पेट्रोल म्हणजे पावणेसात किलो. तेवढं वजन उंचावर बांधलं तर नाल्यातल्या गोट्यांवर गाडी डोलायला लागते.

आता माझा मुख्य मुद्दा. जादा पेट्रोल शेवटपर्यंत जपून ठेवायचं नसतं. टाकीत जागा झाली की लगेच ओतायचं. बरेच जण रिझर्व्ह लागेपर्यंत थांबतात, आणि रिझर्व्ह नेमका लागतो तो संध्याकाळी, चढावर, वारा सुटलेला असताना. त्या जागी थंड बोटांनी झाकण उघडणं मला नको वाटतं. टाकी ही पेट्रोल ठेवण्यासाठी गाडीतली सगळ्यात सुरक्षित जागा आहे. बाहेर बांधलेला भरलेला डबा जितका लवकर रिकामा होईल तितकं बरं.

म्हणून पहिली ओतणी सरचूला. तोवर सव्वाशेच्या आत किलोमीटर होतात, टाकीत साडेचार-पाच लिटरची जागा झालेली असते. दुपारी पोहोचलो. तंबूंपासून लांब, सपाट जागा बघून गाड्या मुख्य स्टँडवर लावल्या आणि इंजिन निवेपर्यंत चहा घेतला. मग डबा टाकीच्या पत्र्याला टेकवला, झाकण अर्धं फिरवलं आणि थांबलो. आतली वाफ जोरात बाहेर आली. ती गेल्यावरच पूर्ण उघडलं. जाळीचं नरसाळं लावून, वाऱ्याकडे पाठ करून सावकाश ओतलं. तिथे गारठा आहे म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांपर्यंतही पेट घेऊ शकते, आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. शेजारच्या तंबूतला स्टोव्ह म्हणूनच लांब हवा.

गाटा लूप्सची २१ वळणं, नकी ला, व्हिस्की नाला, लाचुंग ला. या टप्प्यात रस्ता काही ठिकाणी फक्त धूळ होता. डोंगर कापून काढलेल्या दरीतून उतरत पांगला आलो तेव्हा ढाब्याबाहेर एमएच १० ची बुलेट उभी दिसली. सांगलीचं जोडपं.

"ताई, पुण्याच्या का तुम्ही? बरं झालं बघा," तो म्हणाला. "पेट्रोल जरा कमी पडंल असं वाटाय लागलंय."

त्यांनी मनालीतच टाकी भरली होती, सोबत तेलाचा पाच लिटरचा कॅन. तांदीला रांग मोठी म्हणून थांबले नाहीत. गाटा लूप्सवर कॅन फुगून झाकणाशी पाझरायला लागला आणि मागच्या बॅगेवरून निम्मं पेट्रोल वाहून गेलं. वहिनी त्या बॅगेला टेकूनच बसल्या होत्या. त्यांचं डोकं प्रचंड दुखत होतं, मळमळत होतं. पांगची उंची ४,६०० मीटर. हा विरळ हवेचा त्रास की पेट्रोलच्या वासाचा, हे तिथे उभं राहून कोणीही सांगू शकत नाही, कारण लक्षणं तीच. मला या गळतीतली सगळ्यात गंभीर गोष्ट ही वाटते. आग लागण्याची भीती सर्वांना असते, पण वासामुळे उंचीचा आजार ओळखता येत नाही, हे फारसं कोणी बोलत नाही. चारचाकीत बंद काचांमागे डबा ठेवणाऱ्यांनी तर याचा विचार करायलाच हवा.

"वहिनी, आधी तपासून घेऊ, मग पेट्रोलचं बघू," मी म्हटलं. लष्कराच्या तळावर त्यांना घेऊन गेलो. तिथे ऑक्सिजन मोजला, थोडा वेळ झोपवून ठेवलं, आणि तासाभराने त्यांना बरं वाटायला लागलं. पेट्रोलने भिजलेली बॅग तोवर बाहेर उन्हात उघडी टाकली होती.

मग पुन्हा कागद. पांग ते कारू १४० किलोमीटर, मध्ये टांगलांग ला. त्यांच्या टाकीत तीनेक लिटर उरलं होतं. आमच्या दोन डब्यांत मिळून नऊच्या आसपास, आणि हिशोबात तीन लिटर निवांत सुटत होते. ते तीन लिटर त्यांच्या टाकीत ओतले, उरलेलं टाकीत मावेल तेवढं आमच्या. डब्याच्या तळाशी जे राहिलं ते देबरिंगला, त्सो कारच्या वळणाआधी संपवलं. पुढचा सगळा रस्ता, पुगाचा गंधकाचा वास आणि कोरझोकचा मुक्काम, रिकाम्या डब्यांनीच झाला.

कारूला दोन्ही गाड्यांत साडेबारा लिटरच्या आसपास पेट्रोल बसलं, म्हणजे अडीच लिटर शिल्लक होतं. २५चा अंदाज मला यापुढेही बदलायचा नाही.

नुब्राला जाताना डबे नेले नाहीत, दिस्कितला पंप आहे. हानलेला जाताना पुन्हा भरले. उरवून मात्र ठेवलं नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढून घेतं, त्यामुळे डब्यातलं पेट्रोल महिनोन्‌महिने राखण्याची सोय नाही. परतीला गाड्या रेल्वेने पाठवायच्या होत्या. रेल्वे टाकी रिकामी केल्याशिवाय गाडी घेत नाही, आणि आत वाफ राहिलेला पेट्रोलचा डबा रेल्वेच्या डब्यातून नेणं मलाही मान्य नव्हतं. लेहहून मनालीकडे निघालेल्या नाशिकच्या मुलांना दोन्ही डबे नरसाळ्यासकट देऊन टाकले.