पोटखराब्यातले भोवत्या

वीजवाहिनीचे टॉवर उभे राहण्याआधी तिच्या वाटेत कोणते प्राणी-पक्षी आहेत, याची पाहणी करणं हे माझं काम. ऑफिस पुण्यात, पण पाय बहुतेक वेळ माळावर. डिसेंबरातल्या त्या दिवशी दिवे घाट चढून, सासवड-मोरगाव करत आम्ही सुप्याच्या अलीकडे पोचलो. २२० केव्हीची नवी लाइन, नकाशावर अगदी सरळ रेघ.

ती सरळ का, यालाही कारणं आहेत. बागायत टाळली की भरपाईचे वाद टळतात. माळावर झाडं नाहीत, म्हणजे तोड नाही. लाइन जिथे वळते तिथला टॉवर जड आणि महाग. सातबाऱ्यावर तर ही जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, नाहीतर गायरान. जमीन वनखात्याची किंवा अभयारण्यातली असेल तर परवानगी लागते, बाकी माळाला ते कवच नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पारेषण वाहिन्या धरलेल्याच नाहीत, त्यामुळे जनसुनावणीही नाही. पण चिंकारा, लांडगा, खोकड काही सातबारा बघून हिंडत नाहीत. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, एवढ्यात ते राहणार तरी कसे?

सकाळी आधी तिथल्या जुन्या लाइनखालून चाललो. कुसळी गवतात काळ्या शराटीचा एक पंख पडला होता. खांद्यावरचा पांढरा डाग स्वच्छ, हाड मात्र मुळाशी तुटलेलं. बाकी पक्षी गायब. मेंढरं घेऊन चाललेले एक मामा थांबले.

"ताई, हितं लई पडत्यात. पर तुमी उन्हं वर आल्याव येता. रातीत खोकड न्हेतंय, न्हाय तर कुत्री."

ही फार मोलाची गोष्ट आहे. मेलेले पक्षी सापडत नाहीत म्हणून ते मरतच नाहीत, असं बैठकांमध्ये सहज बोललं जातं. मरतात ते असे: उडता पक्षी वीज वाहणाऱ्या जाड तारा शेवटच्या क्षणी बघतो, त्या चुकवायला वर उठतो आणि सगळ्यात वरच्या बारीक अर्थवायरवर आदळतो. माळढोकासारख्या जड पक्ष्याला समोरचं कमी दिसतं आणि चटकन वळताही येत नाही. त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातमधल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं होतं; २०२४ मध्ये तो आदेश शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली.

"सांजच्याला थांबा," मामा म्हणाले. "घारीवानी पाखरं येत्यात, भुईवर निजाया."

थांबलो. नव्या लाइनच्या टॉवरांच्या जागा दाखवणाऱ्या दोन खुंट्यांमधला तो पट्टा. गवतात जागोजाग दबलेले खळगे, त्यांत बोटाच्या पेराएवढ्या उलटीच्या गोळ्या. एक फोडून पाहिली तर आत नाकतोड्यांचे पाय आणि उंदराचे केस. सूर्य टेकला तसे भोवत्या, म्हणजे हॅरियर हे शिकारी पक्षी, येऊ लागले. मध्य आशियातून हिवाळ्याला आलेले. गवतावरून खालून तरंगत, घिरट्या घालत, अंधार पडेपर्यंत येतच राहिले. तारा होणार होत्या नेमक्या त्यांच्या उतरण्याच्या उंचीत. मला त्या क्षणी संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. ज्या जागेला कागद खराबा म्हणतो, तिथे इतक्या लांबून येणारा पक्षी रात्र काढतो.

तिथूनच लाइनच्या इंजिनिअरना फोन लावला.

"मॅडम, वळवली तर अँगल टॉवर वाढतील. जमिनीखालून केबल टाकायची तर कित्येक पट खर्च."

"केबल नका टाकू. उद्या संध्याकाळी इथे येऊन उभे राहा."

ते आले, आणि अंधार पडेपर्यंत माझ्या दुर्बिणीतून बघत राहिले. निघताना त्यांनी स्वतःच जुन्या लाइनच्या कडेने जाणारा मार्ग नकाशावर पेन्सिलीने आखून दिला. त्यांच्या वरिष्ठांची मंजुरी अजून यायची आहे. मी अहवालात दोन्ही मागितलंय: लाइन जुनीच्या कडेने न्या आणि दोन्ही लाइनींच्या अर्थवायरवर डायव्हर्टर, म्हणजे पक्ष्यांना तार दिसावी म्हणून अडकवायच्या खुणा, लावा. नुसते डायव्हर्टर लावून रेघ तशीच ठेवायचा प्रस्ताव आलाय, तो मला मान्य नाही, कारण हे पक्षी उतरतात तिन्हीसांजेला आणि त्या उजेडात डायव्हर्टर नीट दिसत नाहीत. पायाचे खड्डे खणायच्या आत हा निर्णय व्हायला हवा.